विश्लेषण : रक्तातल्या दोन आकड्यांचा भागाकार कर्करोगाचे भवितव्य सांगतो का?

सीबीसी किंवा हिमोग्रॅम ही घरोघरी ओळखीची झालेली रक्तचाचणी. अन्ननलिकेचा कर्करोग झालेल्या रुग्णाचीही ती उपचारांपूर्वी होतेच. याच अहवालातल्या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येतो, असे सांगणारे शोधनिबंध गेल्या दीड-दोन दशकांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. आता अहवाल थेट मोबाइलवर येतो आणि काही प्रयोगशाळा हा भागाकार ‘एनएल रेशो’ म्हणून छापूनही देतात. डॉक्टरांची भेट होण्याआधीच घरच्यांनी तो आकडा इंटरनेटवर टाकून पाहिलेला असतो. या आकड्याला नेमका किती अर्थ आहे?

हा रेशो काढतात कसा?

सीबीसीच्या अहवालात पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्केवारीत दिलेले असतात. त्यातली न्यूट्रोफिलची टक्केवारी भागिले लिम्फोसाइटची टक्केवारी म्हणजे ‘एनएलआर’. न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के असतील, तर रेशो ६. निरोगी माणसात तो साधारणपणे १ ते ३ च्या दरम्यान असतो. कोविडच्या काळात हा शब्द अनेकांच्या कानावरून गेला होता, तो हाच. याच पद्धतीने प्लेटलेटला लिम्फोसाइटच्या प्रत्यक्ष संख्येने भागले की ‘पीएलआर’ मिळतो. वेगळी चाचणी नाही, वेगळा खर्च नाही. या रेशोच्या लोकप्रियतेचे निम्मे कारण तिथेच आहे.

दाह आणि कर्करोगाचे नाते काय?

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, दुखते. हा दाह म्हणजे शरीराची दुरुस्ती यंत्रणा. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशॉ यांना १८६३ मध्ये कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी आढळल्या आणि दीर्घकाळ दाह असलेल्या जागी कर्करोग उद्भवत असावा, असे त्यांनी मांडले. पुढच्या संशोधनाने या नात्याचे तपशील भरले. न्यूट्रोफिल गाठीभोवती जमून काही वेळा तिलाच मदत करतात. नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासाठी लागणारी द्रव्ये ते सोडतात, आजूबाजूच्या ऊती सैल करतात. प्लेटलेट रक्तात भटकणाऱ्या कर्कपेशींना वेढून प्रतिकारशक्तीच्या नजरेआड ठेवतात. लिम्फोसाइटमधल्या टी-पेशी मात्र कर्कपेशींना मारतात. त्यामुळे भागाकारातला वरचा आकडा वाढला आणि खालचा घटला, तर पारडे गाठीच्या बाजूला झुकले आहे, असा ढोबळ अर्थ लावला जातो.

यकृताकडूनही असाच संकेत मिळतो. दाहाच्या वेळी तयार होणारे इंटरल्युकिन-६ हे द्रव्य यकृताला सीआरपी नावाचे प्रथिन वाढवायला लावते, त्याच वेळी अल्ब्युमिनची निर्मिती घटते. या दोहोंवर आधारलेली ‘ग्लासगो प्रोग्नॉस्टिक स्कोअर’ ही पद्धत २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मांडली गेली. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन ३५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर एक गुण. दोन गुण म्हणजे प्रकृतीची चिंता अधिक. नंतर ही पद्धत अन्ननलिकेसह अनेक कर्करोगांत तपासली गेली.

अन्ननलिकेच्या बाबतीत याची गरज का भासते?

जगभरात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळ असणे हीच या आजाराची ओळख आहे. अन्ननलिका लवचिक असते. त्यामुळे आतली वाट बरीच अरुंद होईपर्यंत त्रास जाणवत नाही. आधी भाकरीचा घास अडकतो, मग मऊ भात, शेवटी पाणीही. तोवर आजार बहुधा पुढे सरकलेला असतो. भारतात यातला ‘स्क्वॅमस’ हा प्रकार जास्त आढळतो. त्याच्यामागे तंबाखू, मद्य, सुपारी ही कारणे आहेत. पाश्चात्त्य देशांत ‘अ‍ॅडिनो’ प्रकार अधिक, तो स्थूलता आणि दीर्घकाळच्या आम्लपित्ताशी जोडलेला.

उपचारही सोपे नाहीत. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३६६ रुग्ण होते. निव्वळ शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मध्यक आयुर्मान २४ महिने होते, तर आधी केमोथेरपी व रेडिएशन आणि नंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे सुमारे ४९ महिने. फायदा दुप्पट, पण त्यासाठी आधीच वजन घटलेल्या माणसाला केमो, रेडिएशन आणि छाती-पोटाची मोठी शस्त्रक्रिया हे सारे सोसावे लागते. हे कोणाला झेपेल, कोणाचा आजार उलटण्याची शक्यता जास्त, हे आधी कळले तर डॉक्टरांना हवेच आहे. जनुकीय चाचण्या महाग असतात, सीबीसी मात्र तालुक्याच्या गावीही होते.

अभ्यासांत काय आढळले?

अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करणाऱ्या विश्लेषणांचा सूर सारखा आहे : उपचारांपूर्वी एनएलआर जास्त असलेल्या गटात मृत्यूचा धोका साधारण ४० ते ५० टक्क्यांनी अधिक दिसतो. मोबाइलवर वाचताना नेमका हाच आकडा धडकी भरवतो, म्हणून तो उलगडून पाहू. समजा, रेशो कमी असलेल्या १०० रुग्णांपैकी ठरावीक मुदतीत ३० जण दगावले. मग रेशो जास्त असलेल्या १०० पैकी त्याच मुदतीत सुमारे ४० जण दगावतील. म्हणजे ‘वाईट’ रेशो असलेले ६० जण हयात असतात आणि ‘चांगला’ रेशो असूनही ३० जण वाचत नाहीत. गटांमधला फरक खरा आहे. पण समोर बसलेला रुग्ण यातल्या कोणत्या बाजूला जाईल, हे रेशो सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा बातम्यांत हमखास निसटतो. आजाराची वाटचाल साधारण कशी असेल हे सांगणे वेगळे आणि अमुक उपचार अमुक रुग्णाला लागू पडेल हे सांगणे वेगळे. एनएलआरबाबतचा बहुतेक पुरावा पहिल्या प्रकारचा आहे. रेशो जास्त आहे म्हणून उपचारांचा फायदा होणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. तसा अर्थ काढून केमो सोडणे म्हणजे हाती असलेली संधी घालवणे आहे.

मग घोडे अडते कुठे?

सर्वात मोठी अडचण मर्यादारेषेची. कुठल्या अभ्यासात २ च्या वरचा एनएलआर ‘जास्त’, तर कुठे ५ च्या वरचा. अनेकदा आधी रुग्णांची माहिती गोळा झाली आणि मग ज्या आकड्यावर फरक ठळक दिसला तिथेच रेषा आखली गेली. रेषा अशी आखल्यावर निकाल चांगला दिसणारच. बहुतांश अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, त्यातले बरेचसे चीन आणि जपानमधले. फरक न आढळलेले अभ्यास कमी छापले जातात, हेही धरावे लागते.

शिवाय हा आकडा स्थिर नसतो. साधा जंतुसंसर्ग, दातातला पू, क्षयरोग, धूम्रपान, इतकेच काय, रक्त देण्याआधी झालेली दमछाकही तो हलवू शकते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाआधी अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन देतात. या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि आजारात काहीही बदल नसताना एनएलआर उडी मारतो. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शननंतरही तेच. केमो सुरू असताना दोन अहवालांची तुलना घरी बसून करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

अन्ननलिकेच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. रुग्णाला गिळताच येत नसेल तर तो उपाशी असतो. त्याचे वजन आणि स्नायू घटतात, आणि खालावलेल्या प्रकृतीत अल्ब्युमिनही कमी दिसते. अडकलेले अन्न किंवा लाळ श्वासमार्गात गेली तर फुप्फुसात संसर्ग होऊन सीआरपी वाढतो. मग ग्लासगो स्कोअरवरचे दोन गुण गाठीच्या आक्रमकतेचे म्हणायचे, की अडलेल्या घासाचे? रक्ताच्या अहवालावरून हे वेगळे करता येत नाही.

डॉक्टर आज हे आकडे वापरतात का?

उपचार ठरवण्यासाठी नाही. त्यासाठी गाठ किती खोल गेली, लसिकाग्रंथी किती बाधित आहेत, आजार दूर पसरला आहे का, हे पाहणारी ‘टीएनएम’ पद्धतच वापरली जाते. एनएलआर किंवा सीआरपीला तिच्यात स्थान नाही. मात्र वाढलेला सीआरपी आणि घटलेले अल्ब्युमिन पाहून डॉक्टर संसर्गाचा शोध घेतात आणि शस्त्रक्रियेआधी पोषण सुधारण्यावर भर देतात. नाकातून किंवा पोटातून नळी टाकून आहार देणे, आहारतज्ज्ञांचा सल्ला, वजनाची दर आठवड्याला नोंद, हे त्याचेच भाग. नळीचे नाव काढताच घरचे घाबरतात, पण कित्येकदा त्या नळीमुळेच रुग्ण उपचार पूर्ण करू शकतो.

सीआरपीचा खरा रोजचा उपयोग मात्र शस्त्रक्रियेनंतर होतो. अन्ननलिकेचा भाग काढून जठर वर ओढून जोडले जाते आणि तो जोड गळणे ही सर्वात धास्तीची गुंतागुंत. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सीआरपी वाढतो, मग उतरू लागतो. तो उतरत गेला तर गळतीची शक्यता बरीच कमी होते. उतरायच्या दिवशी तो तसाच राहिला किंवा पुन्हा चढला, तर ताप येण्याची वाट न पाहता सीटी स्कॅन किंवा एण्डोस्कोपीचा निर्णय घेता येतो. इथे प्रश्न किती वर्षांचा नसतो, त्या दिवशी तोंडाने पाणी द्यायचे की नाही, एवढाच असतो.