आजीची पाठ आणि नातीचा पाठ

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांमध्ये आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यात रोज काही ना काही गमतीदार घोटाळे होतात. आपण ते हसून सोडून देतो. पण ते नीट पाहिले, तर मूल दोन भाषांची जुळवाजुळव कशी करते हे त्यांतून कळते. या लेखातील उदाहरणे माझ्या इंदूरच्या घरातली आहेत. माझी नात सहा वर्षांची. तिची आई हिंदीभाषक, शाळा इंग्रजी, अंगणातले खेळ हिंदीत. मराठी तिच्या वाट्याला येते ती मुख्यतः माझ्याकडून.

पहिली गोष्ट अशी, की अनोळखी शब्दाने घोटाळा होत नाही. ‘उखळ’, ‘सांडगे’, ‘परकर’ असे शब्द आले, की ती लगेच विचारते, “आजी, म्हणजे काय?” घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दाने. शब्द कानाला ठाऊक वाटतो, म्हणून ती विचारत नाही आणि म्हणून मीही सांगत नाही. दोघी आपापला अर्थ धरून पुढे चालू लागतो.

अशा शब्दांचे मला तीन गट दिसतात.

पहिला गट एकाच संस्कृत शब्दाचा, जो दोन भाषांत दोन वाटांनी गेला. “खोटं बोललीस तर शिक्षा होईल,” असे मी बजावले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “ती तर शाळेत रोज होते.” ‘शिक्षा’ म्हणजे मुळात शिकवण. हिंदीने तो अर्थ राखला. मराठीत मात्र शिकवणीसाठी ‘शिक्षण’ हा शब्द रूढ झाला आणि ‘शिक्षा’ दंडाकडे गेली. तसेच ‘यातायात’. मूळ अर्थ जाणे-येणे. हिंदीत ती झाली रहदारी, मराठीत झाली दगदग. “या गुडघ्यांनी जिना चढायचा म्हणजे केवढी यातायात!” असे मी म्हटले, तर ती जिन्यावर पोलीस शोधू लागली.

दुसऱ्या गटातले शब्द मुळात वेगळे. झिजता झिजता त्यांचा उच्चार सारखा झाला. मराठी ‘पीठ’ आले ‘पिष्ट’ या शब्दावरून, तर हिंदी ‘पीठ’ आले ‘पृष्ठ’वरून. ‘पृष्ठ’चीच मराठीत ‘पाठ’ झाली. “चल, आपण पीठ मळू या,” असे मी म्हटल्यावर ती पाठ वळवून उभी राहिली, कारण हिंदीत ‘पीठ मलना’ म्हणजे पाठ चोळणे. उलट “माझी पाठ दुखतेय” म्हटले, तर “मग दुसरा पाठ वाच” असा सल्ला मिळाला. मराठीत ती पाठ आणि तो पाठ हे लिंगावरून वेगळे होतात. पण हा फरक कानात मुरायला वेळ लागतो. थंडीत “कोवळं ऊन अंगावर घे” असे सांगितले, तर तिने माझ्या विणकामाचा गुंडा आणून खांद्यावर ठेवला. आपले ऊन ‘उष्ण’पासूनचे, हिंदीतले ‘ऊर्णा’पासूनचे, म्हणजे लोकर.

तिसरा गट शब्दांचा कमी, रीतीचा अधिक. अशुभ टाळण्यासाठी आपण नारळ ‘फोडत’ नाही, ‘वाढवतो’. निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. “नारळ वाढव” ऐकून नातीने तो जमिनीवरून पुढे सरकवला, हिंदीतल्या ‘बढ़ाओ’प्रमाणे. आणि “येते हं” म्हणून मी दाराबाहेर पडले, की ती ओरडते, “आजी, तू तर जातेयस!” बडोद्याच्या मुलाला हे कोडे पडू नये, कारण गुजरातीतही निरोप देताना ‘आवजो’ म्हणतात.

इंदुरात हे मिश्रण नवे नाही. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी येथे आली, आणि मराठी-हिंदीचा शेजार तर त्याहूनही जुना. फरक इतकाच, की पूर्वी वाड्यात ‘शिक्षा’ हा शब्द मुलाच्या कानी दहा तोंडांतून पडे आणि त्याचा अर्थ आपोआप पक्का होई. आता तो एकाच तोंडातून येतो. त्या तोंडाशी बोलणे थांबले, की भाषाही थांबते.

हे भय कल्पनेतले नाही. लोकरीच्या गुंड्याचा किस्सा पाहुण्यांसमोर निघाला आणि सारे खळखळून हसले. त्यानंतर आठ-दहा दिवस नात माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलली नाही. मी मराठीत विचारावे, तिने हिंदीत उत्तर द्यावे. अर्थ तिला कळत होता, पण बोलण्याची हिंमत गेली होती. ऐकून कळते पण बोलता येत नाही, अशी तरुण मुले आपल्या समाजात किती आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यांतल्या काहींची सुरुवात अशाच एखाद्या हशातून झाली असेल.

म्हणून आता आमच्याकडे काही गोष्टी ठरल्या आहेत. हसायचे ते तिच्यासह, तिच्यावर नाही. आणि किस्सा सांगायचा तर तिनेच. ती चुकली, तर “असं नाही म्हणायचं” असे न म्हणता मी तेच वाक्य बरोबर करून सहज बोलते. आणि फसवा शब्द सापडला, की तो एका वहीत जातो: डावीकडे हिंदी अर्थाचे चित्र, उजवीकडे मराठी अर्थाचे. ‘ऊन’च्या पानावर एकीकडे स्वेटर आहे, दुसरीकडे सूर्य. हल्ली असे शब्द तीच हुडकून आणते. गेल्या आठवड्यात तिने ‘खाली’ आणला: हिंदीत रिकामा डबा, मराठीत जिन्याखालचे अंगण.

बेळगावात कन्नडशी, हैदराबादेत तेलुगू आणि दख्खनीशी, गोव्यात कोंकणीशी असेच घोटाळे घरोघरी होत असणार. ते लिहून ठेवावेत. त्यातून शब्दांचा इतिहास हाती लागेल, आणि नातवंडांना कळेल, की आपण चुकलो ते अडाणीपणामुळे नव्हे, तर आपल्याला दोन भाषा येतात म्हणून.