स्टेपनी नसलेली गाडी

जळगाव ते धुळे हे अंतर साधारण ९० किलोमीटर. वाटेत एरंडोल, पारोळा, फागणे लागते. आज ज्या टायरांविषयी बोलायचे आहे, त्यांच्याबाबत एक आकडा नेहमी सांगितला जातो. टायरमधली हवा पूर्ण गेली, तरी ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर गाडी चालवता येते. म्हणजे जळगाव सोडताना खिळा घुसला, तर फागण्याच्या आसपास हिशोब संपला. धुळे हाकेच्या अंतरावर, पण तिथवर पोहोचण्याची हमी नाही. मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता, गाडीत चार माणसे आणि लग्नाचे सामान असेल, तर त्याआधीच थांबलेले बरे.

या टायरांना रन-फ्लॅट म्हणतात. मुंबई-पुण्याहून वापरलेली बीएमडब्ल्यू किंवा तिची दोन आसनी झेड-४ घेऊन येणारी हौशी मंडळी आपल्याकडेही आहेत. गाडी घेताना इंजिन पाहतात, रंग पाहतात, मग डिकी उघडतात आणि विचारतात, ‘‘स्टेपनी कुठे आहे?’’ अनेकदा ती नसतेच. तिच्यासाठी जागाही नसते. टायर झिजेपर्यंत याचे काही वाटत नाही. नवे टायर घ्यायची वेळ आली, की दुकानदार रन-फ्लॅटचा भाव सांगतो, शेजारी साध्या ट्यूबलेसचा भाव ठेवतो, आणि गिऱ्हाईक गोंधळते.

रन-फ्लॅटमध्ये वेगळे काय असते? साध्या टायरच्या बाजूच्या भिंती मऊ असतात आणि गाडीचे वजन आतली हवा पेलते. रन-फ्लॅटमध्ये या भिंतींना आतून जाड, कडक रबराचा आधार दिलेला असतो. हवा गेली तरी त्या भिंती काही काळ वजन तोलतात. हीच कडक भिंत खड्ड्यात मात्र त्रास देते. झेड-४ च्या २००९ नंतरच्या पिढीत १८ इंची चाकांना पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ असे टायर येतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते सांगतो. २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. जुन्या स्विफ्टच्या १६५/८० टायरला हीच उंची १३२ मिलिमीटर मिळते. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर धारदार कडांचे खड्डे पडले, की ९० मिलिमीटर कडक रबर फारसा धक्का पचवत नाही. टायरला फुगा येतो, अलॉय व्हील वाकते किंवा तडकते.

पण मला खरा धोका दुसराच वाटतो. साध्या टायरची हवा कमी झाली, की तो खाली बसलेला डोळ्यांना दिसतो. रन-फ्लॅट हवा नसतानाही ताठ उभा राहतो. म्हणून डॅशबोर्डवर हवेचा दाब सांगणारी टीपीएमएस यंत्रणा चालू नसेल, तर हे टायर लावूच नयेत. इशाऱ्याचा पिवळा दिवा ‘सेन्सरच बिघडला असेल’ म्हणून दुर्लक्षित राहिला, तर माणूस रिकाम्या टायरवर ताशी १२० ने जात राहतो.

इथे उन्हाळ्यातल्या एका समजुतीबद्दल बोललेच पाहिजे. पारा ४५ वर गेला, की ‘टायर फुटेल’ या भीतीने हवा कमी ठेवतात. हे उलटे आहे. हवा कमी असली, की प्रत्येक फेऱ्यात भिंत जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता तयार होते, आणि ती रबर व आतले धागे सैल करते. टायर फुटतो तो बहुधा या उष्णतेने. दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीत जो दाब लिहिलेला असतो, तो थंड टायरचा. सकाळी गाडी काढण्यापूर्वी तेवढा भरावा. धावल्यावर तो चार-पाच पीएसआयने वाढला, तर घाबरून हवा सोडू नये. नायट्रोजनचे म्हणाल, तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. आठवड्याला दाब तपासणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही.

मग घ्यावे कोणते? गाडी रात्री-अपरात्री एकटीने महामार्गावर जात असेल, चालवणाऱ्याला जॅक लावणे जमत नसेल आणि टीपीएमएस ठीक असेल, तर रन-फ्लॅटच पुन्हा घ्यावेत. मात्र आकाराचा टायर आपल्या गावात मिळतो की मागवावा लागतो, हे आधी विचारावे. रिकाम्या रन-फ्लॅटवर बरेच अंतर गेल्यावर त्याची भिंत आतून खराब झालेली असू शकते. असा टायर बहुधा पंक्चर काढून पुन्हा वापरत नाहीत, बदलतात. महिन्यातले बहुतेक दिवस गाडी जळगाव-भुसावळ-धुळे अशीच फिरत असेल, तर माझे मत साध्या, चांगल्या ट्यूबलेसकडे झुकते. गाडी मऊ चालते आणि पंक्चरवाला जागोजागी भेटतो. तेव्हा डिकीत बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि पंक्चरची किट हवीच. २०२० पासून केंद्रीय नियमांनुसार टीपीएमएस आणि अशी दुरुस्तीची किट असलेल्या ट्यूबलेस टायरच्या छोट्या वाहनांना स्टेपनी बाळगणे सक्तीचे नाही. पण किटने खिळ्याचे छिद्र बुजते, फाटलेली भिंत नाही. तशा वेळी टो-गाडीच बोलवावी लागते.

दोन्ही जातींचे टायर एकत्र लावणे मात्र टाळा. एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ टायर असेल, तर ब्रेक मारल्यावर किंवा ओल्या वळणावर गाडी सरळ राहत नाही. पैसे वाचवायला दोनच बदलायचे असतील, तरी पुढचे-मागचे जुने टायर कोणत्या जातीचे आहेत, ते आधी पाहा.

दुकानात टायरच्या भिंतीवरचे अक्षर वाचायला संकोच करू नका. आरएफटी, झेडपी, आरओएफ, एसएसआर ही वेगवेगळ्या कंपन्यांनी रन-फ्लॅटला दिलेली चिन्हे. बीएमडब्ल्यूने तपासून मान्य केलेल्या टायरवर चांदणी असते. आकारानंतर येणारा ८८ डब्ल्यू म्हणजे एका टायरवर ५६० किलो वजन आणि ताशी २७० पर्यंतचा वेग. यापैकी एकही मूळ टायरपेक्षा कमी नसावा. चार आकड्यांची तारीखही पाहा: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आपल्याकडच्या उन्हात गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायर स्वस्त मिळाला, तरी घेऊ नका. आयएसआयची खूण नसलेलाही नको. झेड-४ सारख्या गाडीत पुढचे-मागचे आकार वेगळे असतात, त्यामुळे ते आलटून-पालटून लावता येत नाहीत, आणि मागचे आधी गोटा होतात. नक्षीच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की कायद्यानेही तो टायर बाद. पावसाळ्यापूर्वी तीन मिलिमीटरवरच बदलावा, असे मी सांगेन.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, आणि टीपीएमएस नव्या टायरांसाठी रीसेट केले का, हे दुकानदाराकडून तिथेच डॅशबोर्डवर दाखवून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरचा दाब स्वतः मोजा.