गायब झालेली रेघ

रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम. त्याच्या प्रत्येक डेसिलिटरमध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतले निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन.

पण एकूण आकडा फसवू शकतो. अल्ब्युमिन घटले आणि ग्लोब्युलिन वाढले, तरी बेरीज तीच दिसते! म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस करतात. जेलवर सीरम ठेवून वीजप्रवाह सोडला, की प्रथिने विद्युतभारानुसार वेगवेगळ्या रेघांत विभागली जातात: अल्ब्युमिन सर्वांत पुढे, मग अल्फा, बीटा, शेवटी गॅमा. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांना १९४८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या तंत्राचा मोठा वाटा होता.

स्वीडनमध्येच माल्मोला कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन यांना पाच जणांच्या नमुन्यांत अल्फा-१ची ठळक रेघच दिसली नाही. पाचांपैकी तिघांना फुप्फुसांचा गंभीर विकार होता. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या आनुवंशिक कमतरतेचा शोध असा लागला, १९६३मध्ये तो प्रसिद्ध झाला. केवढी ही नजर!

उलट, आलेखावर गॅमा भागात एकच उंच, अरुंद सुळका उठला, तर डॉक्टरांना मल्टिपल मायलोमा या कर्करोगाची शंका येते. मात्र तेवढ्यावर निदान करत नाहीत. इम्युनोफिक्सेशन आणि अस्थिमज्जेची तपासणी व्हावी लागते.