पन्हाळा : नांदत्या गडाचे ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या एका फाट्यावर पन्हाळा वसलेला आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून पर्यटक येथे येतात आणि महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलीही येतात. बहुतेक सहली बाजीप्रभू देशपांडे व शिवा काशीद यांच्या पुतळ्यांना अभिवादन करून, तीन दरवाजा पाहून परततात. पन्हाळा हा पराक्रमाचा गड आहेच; परंतु तो दीर्घकाळ माणसे नांदावीत यासाठी रचलेला गड आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गडाची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे जाते. आदिलशाहीच्या ताब्यातील हा गड अफझलखानाच्या वधानंतर, नोव्हेंबर १६५९ मध्येच शिवाजी महाराजांनी घेतला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला. जुलैमध्ये महाराज विशाळगडाकडे निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी प्राणार्पण केले. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या ६० मावळ्यांनिशी गड पुन्हा स्वराज्यात आणला. पुढे १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी येथेच होती.

धान्य आणि पाणी

सुमारे चार महिने वेढ्यात अडकलेली शिबंदी जगली कशी, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला की वास्तू बोलू लागतात. अंबरखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती ही भव्य धान्यकोठारे हे त्याचे पहिले उत्तर होय. दुसरे उत्तर तीन दरवाजाजवळील अंधारबावेत मिळते. या तीन मजली विहिरीच्या तळाशी पाणी असून मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडण्याची वाट आहे. पाणवठा, पहारा आणि चोरवाट यांची सांगड येथे एकाच वास्तूत घातलेली दिसते. म्हणून अंबरखाना, अंधारबाव, तीन दरवाजा व शेवटी दरीवर नजर ठेवणारी सज्जा कोठी असा क्रम सहलीसाठी उपयुक्त ठरतो.

नांदते नगर

पन्हाळ्यावर आजही वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ती सुमारे ३ हजार होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे. यामुळे जतन आणि रहिवाशांचे दैनंदिन जीवन यांत मेळ कसा घालावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. घराची दुरुस्ती, दुकान, पाणी, वाहने या साध्या बाबीही येथे वारशाशी निगडित आहेत.

समारोप

वस्तीला वारशातील अडथळा मानणे इतिहासाला धरून होणार नाही. धान्य साठविणारे, पाणी राखणारे आणि पहारा देणारे लोक होते, म्हणूनच गड टिकला. विद्यार्थ्यांना तटबंदीबरोबर हे नगरही दाखविणे, ही अध्यापक म्हणून आपली जबाबदारी आहे.