मक्याच्या शेतांमधली मस्जिद

शिकागोजवळ धाकटी बहीण राहते. जूनमध्ये तिच्याकडे गेलो असताना आम्ही दोघांनी मोटारीने आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सला जायचे ठरवले. रुंद महामार्ग सोडून मार्ग क्रमांक 30 धरला. "त्या रस्त्याला मक्याशिवाय काय आहे?" बहीण हसली.

मका खरोखरच होता. गुडघ्याएवढा, क्षितिजापर्यंत. फुल्टन गावात हॉलंडमध्ये बनवून आणलेली पवनचक्की पाहिली, मिसिसिपी ओलांडली आणि आयोवात शिरलो. मग एकामागून एक लहान गावे: धान्याची उंच कोठारे, गावाचे नाव रंगवलेली पाण्याची टाकी, चर्च आणि एखादे खाणावळवजा हॉटेल.

खाण्याची मात्र पंचाईत. या राज्यात माणसांपेक्षा डुकरे जास्त. घेवड्याच्या उसळीतही त्याचे मांस, अ‍ॅपल पायच्या पारीत त्याची चरबी! आम्ही संकोचत अडचण सांगितली. वाढणारी आजीबाई स्वयंपाकघरात गेली, वेगळा तवा घासून घेतला आणि लोण्यात अंडी करून आणली. वर विचारले, "आणखी काय चालत नाही, तेही सांगा."

पुढे एका शाळेच्या फलकावर दोन गावांची नावे दिसली: कॅलॅमस आणि व्हीटलंड. आमची मास्तरांची नजर तिथेच अडकली. यंत्रे आली, शेते मोठी झाली, कुटुंबे कमी झाली. मग गावोगावच्या शाळा एकत्र कराव्या लागल्या. आपल्याकडे पटसंख्येचा तक्ता भरताना जी धडधड होते, ती इथेही कुणाला तरी झालीच असेल.

असरच्या सुमारास सीडर रॅपिड्सला पोहोचलो. साध्या वस्तीत पांढरी, लाकडी, घराएवढी इमारत. वर छोटा हिरवा घुमट. हीच 'मदर मस्जिद'. मस्जिद म्हणूनच बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतल्या इमारतींत ही सर्वांत जुनी. आजच्या सीरिया-लेबनॉनमधून आलेल्या लोकांनी ती 1934 मध्ये, ऐन मंदीत, उभी केली. त्यांच्यातले कितीतरी जण पाठीवर गाठोडे घेऊन शेतावर-शेतावर कापड, सुई-दोरा विकत फिरलेले, पुढे किराणा दुकान थाटलेले.

जमात वाढली, जागा अपुरी पडली. 1971 मध्ये नवी मस्जिद झाली आणि ही विकली गेली. मग ती निरनिराळ्या हातांत गेली, काही काळ चर्चही झाली, मोडकळीस आली. 1990 मध्ये मुसलमानांनीच ती परत विकत घेऊन दुरुस्त केली. 2008 च्या महापुरात तळघरातली जुनी कागदपत्रे मात्र गेली. ते ऐकून आम्हाला कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यातली वाळवीने खाल्लेली वही आठवली. कुणी बांधले, कुणी किती आणे दिले, सारे त्यात होते.

आम्ही मुसाफिरांच्या दोन रकात पढलो. पायाखाली लाकडी जमीन करकरली.

रात्री उशिरा परतलो तरी दहा वर्षांचा भाचा जागाच. सगळे ऐकून म्हणाला, "खालूजान, विकली, मग परत का घेतली?"

आमचे हे क्षणभर गप्प राहिले. मग मोटारीची किल्ली बहिणीच्या हातात देत म्हणाले, "येत्या रविवारी याला घेऊन जा. तिथेच विचारू दे."