गर्दी एका हंगामात उभी राहत नाही

७ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७–७५ असं हरवलं आणि सगळेच्या सगळे ३८ सामने जिंकून हंगाम संपवला. तो सामना टीव्हीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी पुरुषांचा अंतिम सामना झाला, त्याला प्रेक्षक मिळाले १ कोटी ४८ लाख. मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा मुलींचा सामना जास्त लोकांनी पाहिला, असं तिथे पहिल्यांदाच घडलं.

आयोवाचा संघ हरला, पण तो ज्या ‘बिग टेन’ गटातून आला होता, त्या गटाचा २०२३-२४चा हंगाम मला त्या अंतिम सामन्याहून मोलाचा वाटतो. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या दिघोरीसारख्या, धानावर जगणाऱ्या गावांत मुलींचा खेळ वाढावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तर तो बारकाईने पाहावा. जगाने हा हंगाम आयोवाच्या केटलिन क्लार्क या एका मुलीच्या नावाने ओळखला. त्याचा पाया मात्र शेतकऱ्यांच्या खेड्यांनी घातला होता, आणि तोही तिच्या जन्माच्या जवळपास ऐंशी वर्षं आधी.

बिग टेन हा विद्यापीठांचा १८९६ सालापासूनचा गट. नावात दहा असले तरी त्या हंगामात त्यात १४ विद्यापीठं होती. प्रत्येक संघ गटातले १८ सामने खेळतो, त्यातले निम्मे आपल्या गावी आणि निम्मे दुसऱ्यांच्या गावी. हे सामने डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालतात. मग गटाची बाद पद्धतीची स्पर्धा आणि त्यानंतर ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा. सगळं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं. कोणत्या दिवशी कोण आपल्या गावात खेळायला येणार, हे तिथल्या माणसाला कित्येक आठवडे आधी ठाऊक असतं.

हंगामाची नांदी १५ ऑक्टोबर २०२३ रोजी झाली, आणि तीही फुटबॉलच्या उघड्या मैदानात. आयोवाने किनिक स्टेडियममध्ये डीपॉल विद्यापीठाशी एक प्रदर्शनीय सामना ठेवला आणि त्याला ५५,६४६ माणसं आली. कुठल्याच चषकासाठी नसलेला, वाऱ्यात खेळलेला तो सामना पाहायला एवढे लोक जमले, तेव्हाच पुढचे सहा महिने कसे जाणार हे कळून चुकलं. आयोवाच्या घरच्या सामन्यांची हंगामी तिकिटं तर त्याआधीच संपली होती.

२ जानेवारीला मिशिगन स्टेट संघ आयोवात आला. शेवटच्या क्षणी गुणफलक ७३–७३. चेंडू क्लार्ककडे होता. रिंगजवळ जाण्याऐवजी ती मध्यरेषेलगत रंगवलेल्या बोधचिन्हापाशीच थांबली, तिथूनच उडी घेतली आणि चेंडू सोडला. भोंगा वाजला, चेंडू जाळीतून खाली आला, आयोवा ७६–७३. त्या सामन्यात तिचे ४० गुण झाले. एवढ्या लांबून फेक करणं हा आततायीपणा मानला जाई. तिने वर्षानुवर्षं त्या फेकीचा सराव करून तिला आपलं रोजचं हत्यार बनवलं होतं.

पण हा हंगाम एकट्या क्लार्कचा म्हणून सांगितला तर इतर मुलींवर अन्याय होईल. २१ जानेवारीला ओहायो स्टेटने कोलंबसमध्ये जादा वेळेत आयोवाला १००–९२ असं हरवलं. क्लार्कचे ४५ गुण झाले होते, तरी कोटी मॅकमहनच्या ३३ गुणांनी सामना ओहायोकडे गेला. विजयानंतर प्रेक्षक मैदानात धावले आणि बाहेर पडणारी क्लार्क त्यातल्या एकीवर आदळून खाली पडली. गर्दीचं स्वागत करणाऱ्यांनी गर्दी सांभाळायलाही शिकलं पाहिजे, हा धडा तिथल्या आयोजकांना त्या दिवशी मिळाला. ८ फेब्रुवारीला पेन स्टेटविरुद्ध आयोवाच्याच हॅना स्ट्यूल्की या सीडर रॅपिड्सच्या मुलीने ४७ गुण केले. ११ फेब्रुवारीला नेब्रास्काने मोठी पिछाडी भरून काढत ८२–७९ असा विजय मिळवला. जॅझ शेली तिथली नायिका ठरली, आणि चौथ्या सत्रात क्लार्कला एकही गुण मिळाला नाही. २२ फेब्रुवारीला इंडियानाने आपल्या घरी आयोवाला ८६–६९ असं सपशेल हरवलं.

या सगळ्यांच्या मधोमध १५ फेब्रुवारीची ती संध्याकाळ आली. महाविद्यालयीन कारकिर्दीतल्या गुणांचा केल्सी प्लमचा ३,५२७चा महिलांचा विक्रम मोडायला क्लार्कला आठ गुण हवे होते. मिशिगनविरुद्धच्या सामन्याची जेमतेम सव्वादोन मिनिटं होताहोता तिने ते केले, आणि शेवटची फेक पुन्हा त्याच बोधचिन्हाजवळून होती. त्या दिवशी तिने एकूण ४९ गुण केले. २८ फेब्रुवारीला तिने लिनेट वुडर्डला मागे टाकलं. वुडर्डने कॅन्ससकडून १९७७ ते १९८१ या काळात ३,६४९ गुण केले होते. तेव्हा महिलांच्या स्पर्धा वेगळी संघटना चालवायची, म्हणून तिचा आकडा नंतरच्या अधिकृत यादीत धरलाच गेला नव्हता. क्लार्कच्या निमित्ताने वुडर्डचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं, ही मला या हंगामाची सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते. ३ मार्चला, घरच्या शेवटच्या गटसामन्यात, तिने पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा पुरुषांचा विक्रमही ओलांडला. आयोवाने तो सामना ओहायो स्टेटविरुद्ध ९३–८३ असा जिंकला.

तरीही गटसाखळीत पहिला क्रमांक ओहायो स्टेटचाच आला. त्यांनी १८पैकी १६ सामने जिंकले, तर आयोवा आणि इंडियानाने प्रत्येकी १५. मार्चमध्ये मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये गटाची बाद स्पर्धा झाली आणि तिची तिकिटं पहिल्यांदाच पूर्ण विकली गेली. १० मार्चच्या अंतिम सामन्यात नेब्रास्काने आयोवाला अगदी घाम फोडला. पूर्वार्धात क्लार्कचे अवघे चार गुण होते. उरलेल्या खेळात तिने ३० केले आणि जादा वेळेत आयोवा ९४–८९ असा जिंकला. गटाचं हे विजेतेपद आयोवाने सलग तिसऱ्यांदा मिळवलं. राष्ट्रीय स्पर्धेत बिग टेनचे सात संघ गेले. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवणाऱ्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाची (एलएसयू) आयोवाने ९४–८७ अशी परतफेड केली, कनेटिकटला ७१–६९ असं थोडक्यात नमवलं आणि मग क्लीव्हलँडला साउथ कॅरोलायनासमोर हार मानली. ३४ विजय आणि ५ पराभव, असा त्यांच्या हंगामाचा हिशेब. क्लार्कची महाविद्यालयीन कारकीर्द ३,९५१ गुणांवर थांबली.

आता प्रश्न असा की, ही गर्दी आली कुठून? आयोवा हे मक्याचं आणि सोयाबीनचं राज्य. तिथल्या मुलींची पहिली राज्यस्तरीय शालेय बास्केटबॉल स्पर्धा १९२० साली झाली. १९२५ साली राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धांमधून अंग काढून घेतलं. सामने, तिकिटं आणि प्रेक्षक हे मुलींना शोभत नाही, असा तेव्हाचा मोठा विचारप्रवाह होता. शहरांतल्या शाळा गप्प बसल्या. छोट्या गावांच्या शाळाप्रमुखांनी मात्र मुलींसाठी स्वतंत्र संघटना काढली आणि स्पर्धा चालू ठेवली. खेळाचे नियम आजच्यापेक्षा वेगळे होते. एका बाजूला सहा जणी असत, तीन फक्त गुण करणाऱ्या आणि तीन फक्त अडवणाऱ्या. मध्यरेषा कोणी ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पा देऊन पुढे न्यायचा. हा खेळ आयोवात १९९३पर्यंत टिकला. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की अख्खं गाव शाळेच्या क्रीडागृहात जमायचं. १९६८च्या राज्य अंतिम सामन्यात डेनिस लाँगने ६४ आणि समोरच्या संघातल्या जेनेट ओल्सनने ७६ गुण केले, आणि हे आकडे तिथले म्हातारे अजून सांगतात.

१९७२च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला मनाई केली. त्यानंतर विद्यापीठांना मुलींचे संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्याच लागल्या. १९८३ साली व्हिव्हियन स्ट्रिंगर या कृष्णवर्णीय प्रशिक्षिका आयोवात आल्या आणि ३ फेब्रुवारी १९८५ रोजी ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ प्रेक्षक आले. क्लार्कचा जन्म २००२चा. म्हणजे ती जन्मण्याच्या १७ वर्षं आधी आयोवा मुलींसाठी मैदान भरत होतं. २०००पासून लिसा ब्लूडर यांनी संघ घडवला आणि मे २०२४मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या त्यांच्याच सहायक जॅन जेन्सन सहा जणींच्या त्याच जुन्या खेळातून आलेल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी सामन्यामागे ६६ गुणांची होती. त्यांची आजीही १९२०च्या दशकात ऑड्युबन गावाच्या संघातून खेळली होती. आजीने खेळ सुरू केला, नातीने तो शिकवला आणि त्याचं फळ क्लार्कच्या पिढीच्या हाती आलं.

क्लार्क आयोवा सोडून गेल्यावर हे सगळं ओसरेल, असं अनेकांना वाटलं होतं. पण २०२४-२५ची आयोवाची हंगामी तिकिटंही संपली. २ फेब्रुवारी २०२५ला क्लार्कचा २२ क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यात आला, आणि त्याच दिवशी तिच्याशिवायच्या संघाने बलाढ्य सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूएससी) ७६–६९ असं हरवलं. बिग टेन तोवर १८ विद्यापीठांचा झाला होता आणि त्यातले १२ संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचले.

आमच्याकडे पाहतो तेव्हा उणीव कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. मुलींमध्ये ती नाही. नागपूरची सिया देवधर भारताकडून बास्केटबॉल खेळली, पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं नेतृत्व केलं. आमच्या धानपट्ट्यातल्या मुली रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून राबतात आणि संध्याकाळी कबड्डीचा सरावही करतात. त्यांना दमाचे धडे कोणी द्यायला नकोत. उणीव आहे ती हंगामाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. दिघोरीकडची मुलगी पहाटे निघून शंभरेक किलोमीटरवरच्या मैदानावर पोचते, एक सामना हरते आणि तिचं वर्ष तिथेच संपतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर मानाचा कलर कोट मिळतो, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाता येतं. पण ती खेळताना तिच्या गावाने तिला पाहिलेलं नसतं. तिच्या आईनेसुद्धा नाही.

प्रेक्षक नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते. वडशाच्या नाट्यमंडळ्या आमच्या झाडीपट्टीभर, म्हणजे पूर्व विदर्भात, फिरतात आणि बायाबापड्या तिकीट काढून, पोरं मांडीवर घेऊन रात्रभर नाटक पाहतात. धान निघालेल्या बांधीत ढेकळं फोडली जातात, फक्की मारून कबड्डीचं मैदान आखलं जातं, बांबूवर हॅलोजन लागतात आणि पुरुषांच्या सामन्यांना गाव लोटतं. या मातीत प्रेक्षक तयारच आहे. त्याच्यासमोर मुलींचा सामना ठरल्या दिवशी, पुन्हा पुन्हा आला पाहिजे, एवढंच बाकी आहे.

म्हणून माझं सांगणं असं. लाखांदूर, साकोली, लाखनी, पवनी, अर्जुनी मोरगाव इथल्या महाविद्यालयांनी मुलींच्या कबड्डीची साखळी सुरू करावी. सकाळी एसटीने निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतकीच ही अंतरं आहेत. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळावं, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या गावी. कापणी-चुरणी आटोपली की डिसेंबरात सुरुवात करावी आणि फेब्रुवारीत शेवट. दोन-तीन वर्षांत खो-खो आणि बास्केटबॉलही जोडता येईल. बाहेरगावच्या मुलींना कपडे बदलायला बंद खोली, पिण्याचं पाणी, जेवण आणि परतीची सोय यजमान महाविद्यालयाने करावी. हे झालं नाही तर पालक दुसऱ्यांदा मुलीला पाठवणार नाहीत. पहिल्या वर्षी कडेला थोडीच माणसं उभी असतील. त्याने खचून जाऊन एकही तारीख रद्द करू नये, कारण आयोवाच्या खेड्यांनीही जिद्दीने केलं ते हेच. १९२५ साली सगळे नको म्हणत असताना त्यांनी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक काढलं.

एका मुलीच्या असामान्य हातांची वाट पाहत बसलो तर ती येईलही, पण तिच्यासाठी मैदान आखलेलं नसेल. ते आखण्याचं काम आपलं आहे, आणि त्याला असामान्य कोणी लागत नाही. पाच क्रीडाशिक्षक, पाच प्राचार्य आणि एक कागद पुरेसा आहे. तो कागद दिवाळीआधी छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, त्यावर तारखा असाव्यात आणि प्रत्येक संघातल्या मुलींची नावं असावीत.