सिटाग्लिप्टिनचे जेनेरिक रूप : वैद्यांनी काय जाणावे?

मधुमेहाचा रुग्ण चालू गोळ्या मध्येच सोडून वैद्यांकडे येतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा किंमत असते. पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या गावी हा मासिक खर्च अनेक कुटुंबांना जड जातो.

सिटाग्लिप्टिनचे पेटंट, म्हणजे मूळ कंपनीचा उत्पादनाचा एकाधिकार, भारतात जुलै २०२२ मध्ये संपले. त्यानंतर इतर कंपन्यांचीही हीच गोळी बाजारात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये जनऔषधी केंद्रांसाठी ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांची किंमत ६० रुपये ठरली. वेष्टनावरील नाव निराळे, औषधिद्रव्य मात्र तेच.

प्रमेहचिकित्सा आरंभिताना वैद्यबंधूंनी रुग्णाची गोळी परस्पर थांबवू नये. वेष्टनावरील मूळ औषधाचे नाव व मात्रा पाहून, स्वस्त पर्यायाविषयी त्याच्या डॉक्टरांस विचारण्यास सुचवावे. पैशाअभावी सुटलेली गोळी म्हणजे पथ्य नव्हे.